ट्रेंटची परिषद आणि तिचे तीन इतिहासकार

रोमन कॅथलिक संप्रदाय आपल्या सार्वत्रिक धर्मपरिषदांची संख्या एकवीस मानतो. त्यांतील पहिली ३२५ सालीं आशियामायनरांत नायसीया येथें भरली. एकविसावी १९६२ पासून १९६५ पर्यंत रोमला व्हॅटिकनमध्यें भरली. या सर्व परिषदांचे ठराव एकत्र छापलेले मिळतात आणि ज्याला ग्रीक-लॅटिन येत नाहीं त्याला ते भाषांतरांतून वाचतां येतात. पण तेवढें वाचून परिषदेचा इतिहास आपणांस कळला असें जो म्हणेल तो, निकालपत्र वाचून खटला पाहिल्याचें समाधान मानणाऱ्या मनुष्यासारखा समजावा. ठरावाची भाषा नेहमीं एकमुखी असते. 'पवित्र परिषद असें ठरविते' एवढेंच तींत येतें. कोण रागानें उठून गेला, कोणाचें मत एका रात्रींत फिरलें, कोणत्या राजाचा वकील कोणत्या बिशपाच्या बिऱ्हाडीं बसला होता, हें तींत कांहीं येत नाहीं. तें जाणण्यासाठीं इतिहासकाराकडे जावें लागतें. आणि इतिहासकारही बहुधा कोणत्या तरी बाजूचा असतो.

नायसीयाच्या बाबतींत हा प्रश्न फारसा उद्भवत नाहीं, कारण तेथील कामकाजाचें टिपणच शिल्लक नाहीं. श्रद्धासूत्र, वीस नियम आणि एक पत्र एवढीच काय ती मिळकत. ट्रेंटची गोष्ट अगदीं उलट. इतके कागद मागें ठेवून गेलेली परिषद तिच्यापूर्वीं झाली नव्हती: कामकाजाचीं टिपणें, रोजनिशा, वकिलांचे खलिते, रोमशीं झालेला पत्रव्यवहार. आणि तरीही ते कागद तीनशें वर्षें दप्तरखान्याच्या कुलपांत राहिले. या अवधींत त्या परिषदेचे दोन मोठे इतिहास लिहिले गेले व एकमेकांचे हाडवैरी म्हणून गाजले. तिसरा, खरा इतिहास म्हणण्याजोगा, विसाव्या शतकांत झाला. पाओलो सार्पी, स्फोर्झा पाल्लाव्हिचीनो आणि ह्यूबर्ट येडीन या तिघांच्या ग्रंथांचा परामर्श घेण्याचा येथें विचार आहे. ज्याला मुद्दाम दडवलें गेलें त्याचा इतिहास कसा लिहिला जातो, हें या तिघांच्या निमित्तानें पाहावयास मिळतें.

आरंभींच एक गोष्ट सांगून टाकिली पाहिजे. 'एकवीस' हा आंकडासुद्धां वाटतो तितका निर्विवाद नाहीं. कार्डिनल बेलार्मीन यानें १५८६ सालीं ज्या पूर्णपणें मान्य परिषदा मोजल्या त्या अठराच होत्या, ट्रेंट धरून. त्यांत कॉन्स्टन्सची परिषद नव्हती. ज्या परिषदेनें तीन प्रतिस्पर्धी पोपांचा तंटा मिटवून १४१७ सालीं पांचवा मार्टिन निवडला, तिलाच ही यादी अंशतः मान्य असा शेरा मारून बाहेर बसविते. कारण त्याच परिषदेनें १४१५ सालीं परिषदेचा अधिकार पोपावरही चालतो असा ठराव केला होता. पुढें कॉन्स्टन्सला पंगतींत घेतलें, एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतल्या दोन व्हॅटिकन परिषदा मिळाल्या, आणि एकवीस झाल्या. ग्रीक व रशियन ख्रिस्ती सातावरच थांबतात. १९७४ सालीं पोप सहावा पॉल यानें लियोंच्या दुसऱ्या परिषदेच्या सातशेंव्या वर्षानिमित्त लिहिलेल्या पत्रांत तिला पश्चिमेंत भरलेल्या सामान्य परिषदांपैकीं सहावी असें संबोधिलें. शब्द लहानसा आहे. पण ज्यांना मोजणीचें राजकारण ठाऊक आहे त्यांनीं तो दोनदां वाचला असेल.

आतां ट्रेंट. आल्प्सच्या दक्षिण उतारावर, जर्मन साम्राज्याच्या हद्दींत पण इटालियन बोलणारें हें गांव. ल्यूथरनें १५१७ सालीं वाद सुरू केला, आणि परिषद उघडली १५४५ च्या १३ डिसेंबरला. अठ्ठावीस वर्षें उशीर! उघडली तेव्हां बिशप तिशीच्या आंतबाहेर होते. अवघ्या ख्रिस्ती जगाच्या नांवानें बोलणाऱ्या सभेला ही हजेरी म्हणजे थट्टेचा विषय होता, आणि थट्टा झालीही. तीन खंडांत ती चालली: १५४५ ते ४७, १५५१-५२, आणि १५६२-६३. मध्यें दहा वर्षें तिचें नांवही कोणी काढलें नाहीं. १५६३ च्या ४ डिसेंबरला ती संपली तेव्हां मात्र ठरावांवर दोनशेंहून अधिक सह्या पडल्या. या अवधींत पोप पांच झाले आणि ल्यूथर तर १५४६ मध्येंच वारला. ज्यांच्याशीं समेट करावयाचा तेच दूर गेले होते, म्हणून घरची डागडुजी करणें एवढेंच हातीं राहिलें. ती मात्र परिषदेनें कसून केली. बिशपानें आपल्या प्रांतांत राहिलें पाहिजे, धर्मगुरूंच्या शिक्षणासाठीं विद्यालयें काढलीं पाहिजेत, विवाह धर्मगुरु व साक्षीदार यांच्यासमोर झाला तरच विवाह, हे सर्व नियम तिचेच.

यानंतर जें झालें तें आमच्या विषयाचें मूळ आहे. १५६४ च्या जानेवारींतल्या आपल्या मान्यतापत्रांत पोप चौथा पायस यानें परिषदेचे ठराव कायम केले, आणि त्याच पत्रांत रोमच्या परवानगीवांचून त्यांवर कोणीही टीका, भाष्य अथवा टिपण प्रसिद्ध करूं नये असा सक्त मनाईहुकूम घातला. शंका आली तर रोमला विचारावें. उत्तर देण्यासाठीं कार्डिनलांचें एक मंडळ नेमण्यांत आलें. परिषदेचा चिटणीस अँजेलो मासारेल्ली यानें इमानेंइतबारें लिहून ठेविलेलीं टिपणें कपाटांत गेलीं. ठराव जगाला, वाद कपाटाला, अशी ही वांटणी होती. वाद करणाऱ्यांच्या दृष्टीनें तिच्यांत शहाणपण नव्हतें असें नाहीं. दर ठरावाचा दर शब्द पुन्हां उकरला गेला असता तर परिषद कधींच संपली नसती. पण कपाट बंद केल्यानें लोकांची जिज्ञासा बंद होत नाहीं. ती दुसऱ्या वाटेनें जाते, आणि ही वाट व्हेनिसहून निघाली.

सार्पी हा व्हेनिसचा मठवासी, सर्वाइट पंथाचा. गणितांत, शारीरशास्त्रांत आणि कायद्यांत त्याची गति होती. गॅलिलिओशीं त्याचा स्नेह होता. १६०६ सालीं पोप पांचवा पॉल यानें व्हेनिस राज्यावर धार्मिक बहिष्कार घातला तेव्हां राज्यानें आपला शास्त्रीपंडित म्हणून याला नेमलें. त्यानें राज्याची बाजू इतकी समर्थपणें मांडली कीं पुढल्याच वर्षीं, ५ ऑक्टोबर १६०७ ला संध्याकाळीं, मारेकऱ्यांनीं पुलावर गांठून त्याच्यावर खंजिरानें वार केले. तो वांचला. जखम पाहणाऱ्या वैद्याजवळ त्यानें रोमच्या दरबारच्या 'शैली'वर श्लेष केला असें सांगतात; लॅटिनमध्यें लेखणी आणि खंजीर या दोहोंना एकच शब्द चालतो. अशा मनुष्यानें लिहिलेला ट्रेंटचा इतिहास १६१९ सालीं लंडनला छापला गेला. ग्रंथकार म्हणून पिएत्रो सोआवे पोलानो असें नांव होतें. तीं 'पाओलो सार्पी व्हेनेटो' याचींच अक्षरें उलटीसुलटी केलेलीं. छापविणारा दोमिनिस हा रोम सोडून इंग्लंडच्या राजाकडे गेलेला आर्चबिशप. हाच पुढें पश्चात्ताप करून रोमला परतला, तेथें कैदेंत मेला, आणि मेल्यावर त्याचें प्रेत त्याच्या पुस्तकांसह जाळलें गेलें. ग्रंथ निघाला त्याच वर्षीं निषिद्ध पुस्तकांच्या यादींत चढला, आणि दुसऱ्या वर्षीं इंग्रजी व लॅटिन भाषांतरें निघालीं. मिल्टननें त्याला परिषदेचा मुखवटा ओढणारा म्हणून गौरविलें. डॉक्टर जॉन्सननेंही तरुणपणीं त्याचें भाषांतर आरंभिलें होतें, पण तें तडीस गेलें नाहीं.

सार्पीचा सिद्धान्त त्याच्या पहिल्या पानांतच येतो, आणि तो इतका सुबक आहे कीं वाचकानें तेथेंच सावध व्हावें. भाविकांनीं फुटलेला समाज जोडला जावा म्हणून परिषद मागितली. तिनें फूट कायमची केली. राजांनीं धर्माधिकाऱ्यांना वळण लावण्यासाठीं ती मागितली; त्यांना वळण लागलें नाहीं, बिघाड मात्र वाढला. बिशपांना गेलेला अधिकार परत मिळेल वाटलें. ते अधिकच दास झाले. आणि ज्या रोमच्या दरबाराला तिची सर्वांत भीति होती त्याचाच तिनें सर्वांत अधिक लाभ केला. या आपल्या काळाचें हें 'इलियड' आहे असें तो म्हणतो. इच्छा एक आणि फळ दुसरें, हें सूत्र त्यानें शेंकडों पानें अभंग ठेविलें आहे. त्याची शैली थंड आहे. तो शिव्या देत नाहीं. दोन पक्षांचीं भाषणें शेजारीं शेजारीं ठेवितो आणि बाजूला होतो. रोमहून येणाऱ्या टपालाच्या थैलींत पवित्र आत्मा येतो, अशी जी विनोदोक्ति फ्रेंच वकिलांच्या गोटांत चालत होती, ती त्याच्या हातीं पडल्यावर विनोद राहत नाहीं, पुरावा होते. गद्यलेखक म्हणून तो इटलीच्या पहिल्या प्रतीच्या लेखकांत बसतो याविषयीं त्याच्या शत्रूंनाही शंका नाहीं.

त्याच्यापाशीं साधनें नव्हतीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. व्हेनिसच्या वकिलांचे खलिते त्याला उपलब्ध होते. ट्रेंटला गेलेला फ्रेंच वकील दु फेरिए हा पुढें व्हेनिसला असतांना त्याच्याशीं त्याचें बोलणें होई. तरुणपणीं मांतुआ येथें परिषदेच्या एका अध्यक्षाचा चिटणीस त्याला भेटला होता. पण हीं सर्व साधनें दाराबाहेरचीं होतीं. वकील हा जात्याच संशयी प्राणी. आंत काय चाललें आहे हें त्याला कळत नाहीं तेव्हां तो हेतु तर्कानें काढितो. सार्पीनें त्या तर्काला तत्त्वाचें रूप दिलें. त्याच्या ग्रंथांत एकही मनुष्य एखादें मत तें खरें वाटतें म्हणून देत नाहीं. चारशें लोक इतकीं वर्षें एका गांवांत अडकून पडले आणि त्यांतल्या एकालाही ईश्वरकृपेच्या प्रश्नाविषयीं प्रामाणिक चिंता नव्हती, हें मानवी स्वभावाविरुद्ध आहे. सार्पीला मनुष्यें ठाऊक होतीं, पण त्यांचा अर्धाच भाग.

त्याला उत्तर देण्याचें काम रोमनें जेझुइटांवर सोंपविलें. आल्चाती नांवाच्या पंडितानें आयुष्य साधनें गोळा करण्यांत घालविलें आणि १६५१ मध्यें तो वारला. मग तें काम पाल्लाव्हिचीनोकडे आलें. याचा इतिहास १६५६-५७ मध्यें रोमला दोन खंडांत निघाला. जे कागद सार्पीला स्वप्नांतही दिसले नसते ते याच्या मेजावर होते. त्यानें काय केलें? सार्पीच्या चुकांची यादी केली. तीनशें एकसष्ट! तारखा, नांवें, कोण हजर होतें, कोण नव्हतें, असल्या बाबतींत त्याचें बोट बहुधा योग्य जागीं पडतें, आणि तेवढ्यापुरता सार्पी हरला असें कबूल केलें पाहिजे. पण दुसऱ्याच्या पुस्तकाच्या समासांत स्वतःचें पुस्तक लिहिणाऱ्या मनुष्याचें जें होतें तें त्याचें झालें. त्याचा प्रतिपक्षी जेथें जाईल तेथें त्याला जावें लागतें. सार्पीनें ज्याविषयीं लिहिलें नाहीं त्याविषयीं त्यालाही बोलावयाचें सुचत नाहीं. आपल्याकडे ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासावर नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं १८६८ च्या सुमारास जी टीका केली ती थोडक्यांत आटोपली आणि पुढच्यांना साधनें शोधावयास लावून गेली; पाल्लाव्हिचीनोनें टीकेलाच इतिहास समजून शेवटपर्यंत नेलें. तरी त्याच्या बाजूनें एक सांगितलें पाहिजे. त्याच्याजवळ मूळ कागद होते आणि त्यांतले उतारे तो देतो. म्हणून पुढें दोनशें वर्षें रोमच्या दप्तराचें जें कांहीं जगाला कळलें तें पुष्कळसें त्याच्याच कृपेनें. रोमचें समर्थन करावयास निघालेला हा मनुष्य दरबारांतल्या इतक्या गोष्टी सहज बोलून गेला आहे कीं, सार्पीच्या पक्षपात्यांनाही त्याचा उपयोग झाला. रांकेनें १८३४ पासून प्रसिद्ध केलेल्या पोपांच्या इतिहासाच्या पुरवणींत या दोघांची जी तपासणी केली आहे ती आजही वाचण्यासारखी आहे. दोघांपैकीं एकावरही पूर्ण विसंबूं नये असाच तिचा निष्कर्ष.

एका प्रसंगावर हे दोघे घांसून पाहूं. १५४७ च्या वसंतारंभीं ट्रेंटमध्यें अंगावर पुरळ उठणाऱ्या तापाची साथ आली. ११ मार्चला परिषदेनें बहुमतानें ठरविलें कीं बोलोन्याला जावें. ट्रेंट बादशहाच्या मुलुखांत, बोलोन्या पोपाच्या. बादशहा पांचवा चार्लस संतापला. त्याच्या पक्षाचे चौदा बिशप ट्रेंटमध्येंच बसून राहिले. पुढच्याच महिन्यांत म्यूलबर्गच्या लढाईंत त्यानें प्रॉटेस्टंट राजांचा मोड केला. म्हणजे ज्या क्षणीं तो त्यांना हात धरून परिषदेपुढें आणूं शकला असता, त्याच क्षणीं परिषद जागेवर नव्हती. ख्रिस्ती युरोपच्या इतिहासांत इतकी महागडी साथ क्वचितच आली असेल.

साथ खरी होती काय? सार्पी म्हणतो, बहाणा. वैद्याकडून हवें तें वदवून घेतलें. हा वैद्य म्हणजे कोणी गांवठी हकीम नव्हे, तर जिरोलामो फ्राकास्तोरो, ज्याचा स्पर्शजन्य रोगांवरचा ग्रंथ आदल्याच वर्षीं निघाला होता आणि ज्याचें नांव वैद्यकाच्या इतिहासांत आजही आदरानें घेतात. पाल्लाव्हिचीनो त्याची साक्ष आणि मृतांची माहिती पुढें ठेवितो आणि विजयी मुद्रेनें पुढें जातो. दोघेही एकच गृहीत धरून चालतात: साथ खरी असेल तर बहाणा नाहीं, आणि बहाणा असेल तर साथ नाहीं. येडीननें कागद पाहून जो उलगडा केला तो या दोघांनाही सुचला नव्हता. ताप खरा होता. एक बिशप दगावलाही. परिषद हलविण्याचा अधिकार पोपाच्या प्रतिनिधींना आधींच, १५४५ च्या फेब्रुवारींत, लेखी मिळालेला होता आणि त्यांना ट्रेंटचा कंटाळाही आला होता. मात्र त्या विशिष्ट वेळीं हलावें असा रोमचा हुकूम नव्हता. तिसरा पॉल ही बातमी ऐकून स्वतःच चकित झाला. म्हणजे कारस्थान रोमला शिजलें नाहीं. दोन थकलेल्या, हुशार माणसांनीं खरी साथ पाहिली आणि जुना कागद खिशांतून काढला, एवढेंच. या दोघांपैकीं देल मोंते पुढें तिसरा ज्युलियस म्हणून पोप झाला, आणि चेर्व्हीनी त्याच्यामागून दुसरा मार्सेलस म्हणून.

सार्पी आणि पाल्लाव्हिचीनो यांच्या वादाचा मराठी वाचकाशीं काय संबंध, असें कोणी विचारील. थोडा आहे, आणि तो खरा आहे. पोर्तुगालनें ट्रेंटचे ठराव तत्काळ स्वीकारले व ते आपल्या वसाहतींत लागू केले. त्यासाठींच १५६७ सालीं गोव्याला पहिली प्रांतिक परिषद भरली आणि तिचे ठराव १५६८ मध्यें गोव्यांतच छापले गेले. त्या संग्रहांत बळजबरीनें वा धाक दाखवून कोणास ख्रिस्ती करूं नये असें स्पष्ट म्हटलें आहे. आणि त्याच संग्रहांत हिंदूंच्या उपाध्यांना मुलुखाबाहेर घालवावें, त्यांचे जाहीर धर्मविधि बंद करावे, अशी राजसत्तेला विनंतीही आहे. पाल्लाव्हिचीनोच्या पद्धतीचा इतिहासकार पहिला ठराव दाखवील आणि विषय संपला म्हणेल. सार्पीच्या पद्धतीचा दुसरा दाखवील आणि पहिल्याला ढोंग म्हणेल. परंतु ज्यानें पहिला ठराव लिहिला त्याला तो मनापासून पटला असण्याचा, आणि तरीही त्याच्याच हातून दुसरा लिहिला जाण्याचा पुरेपूर संभव आहे. हें मान्य केल्याशिवाय गोव्याचा धर्मेतिहास उलगडत नाहीं, आणि हें मान्य करणें म्हणजे ज्यांचीं देवळें गेलीं त्यांचें दुःख कमी लेखणें नव्हे. उलट सज्जन मनुष्य सद्धेतूनें काय करूं शकतो हें त्यांतून अधिक भयंकर दिसतें.

भाषेच्या प्रश्नाचेंही असेंच. ट्रेंटनें १७ सप्टेंबर १५६२ च्या बैठकींत मिस्सा सर्वत्र लोकभाषेंत व्हावी हें इष्ट वाटत नाहीं असें म्हटलें. ती लोकभाषेंतच झाली पाहिजे असें म्हणणाऱ्याला धिक्कारिलें. पण तिचा अर्थ धर्मगुरूंनीं वारंवार समजावून सांगावा असेंही बजाविलें, आणि पुढल्या वर्षीं धर्मोपदेशाचें पुस्तक लोकभाषांत भाषांतरित करण्याची आज्ञा दिली. मूळ शब्द सावध आहेत. त्यांचा अर्थ पुढें कडक होत होत, लॅटिन म्हणजेच धर्म, इथपर्यंत गेला. मात्र फादर थॉमस स्टीफन्स यांचें ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं राशोलला छापलें गेलें तें याच सावध शब्दांच्या कक्षेंत बसतें: विधि लॅटिनमध्यें, बोध मराठींत. ज्या १६१९ सालीं लंडनला सार्पीचा इतिहास निघाला त्याच सालीं स्टीफन्स, जन्मानें इंग्रज, गोव्यांत वारला. पुढें १६८४ मध्यें पोर्तुगीज व्हाइसरॉयनें गोव्याच्या लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढिला. हा हुकूम राजसत्तेचा, ट्रेंटच्या ठरावांत त्याला आधार सांपडत नाहीं. परिषदेचे ठराव आणि तिच्या नांवावर चाललेला कारभार यांत किती अंतर पडूं शकतें तें यावरून दिसावें. मिस्सा मराठींत होण्याला १९६३ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनाविषयक ठराव यावा लागला. वसईच्या चर्चांतून आज जी मराठी ऐकूं येते, आणि ज्या वातावरणांतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा लेखक २०२० सालीं मराठी साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंत गेला, त्याच्या मागें तो ठराव आहे.

आतां कपाटाकडे वळूं. १८६९-७० मध्यें पहिली व्हॅटिकन परिषद भरली आणि पोपाच्या अस्खलनशीलतेचा प्रश्न निघाला. विरोधी अल्पमतांतल्या बिशपांना जाणून घ्यावयाचें होतें कीं ट्रेंटमध्यें चर्चेचे नियम काय होते, कारण ट्रेंटचे नियम अधिक मोकळे होते अशी कुणकुण होती. दप्तराधिकारी थाइनर यानें ते कागद त्यांस दाखविले असा संशय आला आणि त्याच्याकडून दप्तरखान्याच्या किल्ल्या काढून घेण्यांत आल्या. तीनशें वर्षांपूर्वींच्या सभेचे नियमसुद्धां धोकादायक वाटावे! थाइनरनें तयार केलेला ट्रेंटच्या कामकाजाचा ग्रंथ अखेर १८७४ सालीं, त्याच्या मृत्यूच्याच वर्षीं, रोमपासून दूर झाग्रेबला छापला गेला. त्याच परिषदेंत परिषदांचा नामांकित इतिहासकार हेफेले हा बिशप म्हणून बसला होता. सहाशें ऐंशीच्या सुमारास कॉन्स्टंटिनोपलच्या परिषदेनें पोप होनोरियसला पाखंडी ठरविलें होतें. मग पोप कधींच चुकत नाहीं हें कसें, असा त्याचा प्रश्न होता. १३ जुलै १८७० च्या मतदानांत ४५१ अनुकूल, ८८ प्रतिकूल आणि ६२ सशर्त मतें पडलीं. १८ तारखेच्या अंतिम मतदानापूर्वीं विरोधकांपैकीं बहुतेक रोम सोडून निघून गेले आणि ५३३ विरुद्ध २ असा निकाल लागला. हेफेलेनें पुढल्या वर्षीं मान तुकविली. छापील ठराव वाचणाऱ्याला यांतले ५३३ दिसतात. ८८ दिसत नाहींत.

तेराव्या लिओनें १८८१ सालीं व्हॅटिकनचा दप्तरखाना अभ्यासकांस खुला केला तेव्हां ट्रेंटचा वाद संपावयाचा मार्ग मोकळा झाला. १९०१ पासून जर्मनींतल्या ग्योरेस मंडळानें मूळ कागद छापावयास आरंभ केला. त्या पायावर येडीननें इमारत बांधली. हा सायलेशियांतला धर्मगुरु. आईकडून यहुदी वंशाचा असल्यामुळें १९३३ मध्यें नाझी सरकारनें त्याचा अध्यापनाचा हक्क काढून घेतला. १९३९ मध्यें तो रोमला आश्रयास गेला आणि युद्धाच्या धामधुमींत त्यानें ट्रेंटचा इतिहास लिहावयास घेतला. पहिला खंड १९४९ मध्यें निघाला. चौथा, दोन भागांत, १९७५ मध्यें. परिषद चालली अठरा वर्षें, इतिहासाला लागलीं सव्वीस!

पहिला खंड संपतो तेव्हां परिषद उघडतेही नाहीं. कित्येक समीक्षकांना हें वैगुण्य वाटलें. आमच्या मतें तोच या ग्रंथाचा मोठा गुण आहे. कॉन्स्टन्स आणि बाझेल येथील कटु आठवणींनीं पोपांच्या मनांत परिषद या शब्दाविषयींच जी धास्ती बसली होती, ती शंभर वर्षांची धास्ती समजल्यावांचून उशीर समजत नाहीं. येडीन धर्मनिष्ठ आहे आणि तें लपवीत नाहीं. पण कोणा मनुष्याचा हेतु कळत नसेल तर तो कळत नाहीं असें लिहावयाला त्याला लाज वाटत नाहीं. शेवटच्या सत्रांतला मोरोने त्यानें किती सुरेख उभा केला आहे! १५५७ मध्यें पोप चौथा पॉल यानें या कार्डिनलाला पाखंडाच्या संशयावरून तुरुंगांत टाकिलें होतें. आणि १५६३ मध्यें बिशपांच्या निवासाचें बंधन ईश्वरदत्त कीं पोपदत्त या प्रश्नावर परिषद मोडावयाच्या बेतांत आली असतां तिला वांचविणारा तोच. प्रश्न त्यानें सोडविला नाहीं. शब्द असे शोधले कीं दोन्ही पक्षांना सही करतां यावी. सार्पीला यांत लबाडी दिसली. येडीनला कौशल्य दिसतें. आम्हांला वाटतें, थोडा थकवाही होता.

येडीनमध्यें उणें आहे तें निराळ्या जागीं. त्याची परिषद ही लेखणी धरणाऱ्यांची परिषद आहे. गांवांतले भटारी, बिऱ्हाडांचे मालक, धान्याचा भाव, ज्यांच्या विवाहाचे नियम तेथें बदलले तीं सामान्य माणसें, यांना त्याच्या ग्रंथांत जागा थोडी. आणि युरोपबाहेरचें जग तर जवळजवळ नाहींच. पण हा दोष त्याचा एकट्याचा कसा म्हणावा? फ्रान्सिस झेव्हियर १५४२ मध्यें गोव्याला उतरला होता, मेक्सिको जिंकून वीस वर्षें होऊन गेलीं होतीं, आणि ट्रेंटच्या ठरावांत धर्मप्रसाराच्या या नव्या जगाविषयीं एक ओळ नाहीं. ज्यांना त्याचे ठराव पाळावयाचे होते त्यांतल्या पुष्कळांचें अस्तित्वही त्या सभेच्या लक्षांत नव्हतें. इंग्रजींत येडीनचे पहिले दोनच खंड आले. ज्यांना तेवढा मोठा ग्रंथ झेपणार नाहीं त्यांनीं जॉन ओमॅली यांचें २०१३ चें छोटें पुस्तक पाहावें. तें वाचावयास सोपें आहे, येडीनचें ऋण तें मोकळेपणीं मानतें.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला येडीन तज्ज्ञ म्हणून हजर होता. या परिषदेचे कागद पोप सहावा पॉल यानें नेहमींची दीर्घ मुदत न पाळतां अभ्यासकांस लवकर खुले केले, म्हणजे ट्रेंटचा धडा रोमनें घेतला होता. तरी भांडण टळलें नाहीं. येडीनबरोबर काम केलेले जुझेप्पे आल्बेरीगो यांनीं १९९५ पासून २००१ पर्यंत पांच खंडांत तिचा इतिहास संपादिला. परिषद म्हणजे नुसते सोळा दस्तऐवज नव्हेत, ती एक घटना होती, असा त्याचा सूर. दरबाराच्या सेवेंतले आगोस्तीनो मार्केत्तो यांनीं त्यावर अनेक परीक्षणें लिहिलीं आणि २००५ सालीं तीं ग्रंथरूपानें काढलीं: दस्तऐवज मागें पडून रोजनिशा पुढें आल्या, आणि नव्याचा गाजावाजा होऊन जुन्याशीं असलेला धागा दिसेनासा झाला, ही त्यांची तक्रार. त्याच वर्षींच्या डिसेंबरांत पोप सोळावा बेनेडिक्ट यानें आपल्या भाषणांत परिषदेकडे परंपरेपासून तुटलेली म्हणून न पाहतां सुधारणा म्हणून पाहावें असें सांगितलें. आल्बेरीगो सार्पी नव्हेत. त्यांना कोणी पुलावर गांठलें नाहीं, आणि त्यांचीं साधनें दाराबाहेरचीं नव्हतीं. मार्केत्तोही पाल्लाव्हिचीनोपेक्षां पुष्कळ आटोपशीर लिहितात. पण पाल्लाव्हिचीनोला त्याच्या इतिहासानंतर, १६५९ मध्यें, कार्डिनलची लाल टोपी मिळाली होती. मार्केत्तो यांना ती पोप फ्रान्सिसनें २०२३ मध्यें दिली.